मुंबईच्या लोहमार्गांचा विस्तार : सनावळीची साक्ष

मुंबई शहराच्या लोहमार्गांचा विस्तार व्हावा, हें मत आज बहुतेकांस मान्य आहे. परंतु विस्तार म्हणजे नेमकें काय, व तो कोणत्या दिशेनें व्हावा, याविषयीं एकवाक्यता दिसत नाहीं. या वादांत गर्दीचे आंकडे, खर्चाचे अंदाज व यंत्रविद्येचे दाखले पुढें मांडले जातात. इतिहासाची साक्ष सहसा कोणी काढीत नाहीं. वास्तविक मार्ग खुले झाल्याच्या व बंद पडल्याच्या तारखा हें साधन विपुल असून बहुतांशीं निर्विवाद आहे. त्या तारखा क्रमानें लावल्या असतां तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मुंबईचा एकही मुख्य लोहमार्ग आरंभीं शहरवासीयांच्या रोजच्या येण्याजाण्यासाठीं आंखला गेला नाहीं. दुसरी, १९१० नंतर शंभराहून अधिक वर्षें मार्गांची लांबी वाढत गेली, पण बेटांत शिरण्याच्या वाटा जवळजवळ तितक्याच राहिल्या. तिसरी, जे मार्ग एकदां हातचे गेले ते परत मिळविण्यास ऐंशी-पंचाण्णव वर्षें लागलीं. या तिहींचा एकत्र विचार केल्यास लोहमार्गाच्या विस्ताराची मागणी ही एका जुन्या उणिवेच्या भरपाईची मागणी ठरते, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) बेटाचा आकार व खाडीच्या वाटा

मुंबई हें दक्षिणोत्तर पसरलेलें चिंचोळें बेट. मूळचीं सात बेटें भराव घालून जोडलीं गेलीं तेव्हां हा आकार सिद्ध झाला. दक्षिणेस कोट, बंदर व व्यापाऱ्यांच्या पेढ्या. उत्तरेस माहीम व शीव येथें खाडी. आणि खाडीपलीकडे साष्टी. आज ज्यांस आपण उपनगरें म्हणतों तीं बव्हंशीं जुन्या साष्टींतलींच गांवें होत.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस या खाडीचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून ठाणें व साष्टी घेतली. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. तेव्हांपासून १७७४ अखेर इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत खाडीच्या एका तीरावर इंग्रज व दुसऱ्या तीरावर मराठे अशी स्थिति होती. त्यापूर्वीं पलीकडे पोर्तुगीज होते. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे कायम झाली. खाडी ही जोंवर दोन राज्यांची सरहद्द होती, तोंवर तिच्यावर बांध घालण्याची निकड कोणत्याच पक्षास भासली नसेल, तर त्यांत नवल नाहीं. सरहद्द मोडल्यावर मात्र एकवीस वर्षांत, १८०३ सालीं, शीवचा बांध पुरा झाला. माहीमचा बांध जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगींतून होऊन १८४५ सालीं खुला झाला.

हे दोन बांध ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. पुढें लोहमार्ग आले तेही याच दोन गळ्यांच्या आसपास खाडी ओलांडून आले. बेटाची नैसर्गिक घडण पाहतां तें स्वाभाविक होतें. अडचण निर्माण झाली ती दुसऱ्याच कारणानें. खाडीपलीकडे वस्ती किती वाढेल, याचा अंदाज ते मार्ग आंखणारांपुढें नव्हता, व तो असण्याचें कारणही नव्हतें.

(२) कापसाचे मार्ग

१८४५ च्या सुमारास मुंबईंत लोहमार्ग व्हावा म्हणून ज्या थोर नागरिकांनीं उद्योग केला त्यांत जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई हे प्रमुख होत. १८४९ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें हा २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. दुसऱ्याच वर्षीं गाडी कल्याणास पोंचली. या प्रसंगाचें वर्णन अनेकांनीं केलें आहे; येथें त्याची पुनरुक्ति करण्याचें प्रयोजन नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें कंपनीचें नांव. त्या नांवांत मुंबई नाहीं, ठाणेंही नाहीं. हिंदुस्थानचें द्वीपकल्प आहे. ठाणें हा टप्पा होता, मुक्काम नव्हे. १८६३ सालीं बोरघाटाचा मार्ग पुरा झाला, १८६५ सालीं थळघाटाचा, आणि १८६७ सालीं गाडी नागपुरास पोंचली. देशावरचा व वऱ्हाडचा कापूस बंदरावर आणणें हा त्या उद्योगाचा प्रधान हेतु होता.

दुसरी कंपनी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. हिची स्थापना १८५५ सालची. हिनें कामास हात घातला तो मुंबईस नव्हे, गुजराथेंत. तेथून दक्षिणेकडे येत येत १८६४ सालीं हिचा मार्ग ग्रँट रोडपर्यंत आला. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-६५) हिंदी कापसास सोन्याचा भाव आला होता, त्याच काळांतील ही गोष्ट. पहिल्या कंपनीचा हेतु जसा वऱ्हाडचा कापूस, तसा हिचा गुजराथचा.

येणेंप्रमाणें एकाच चिंचोळ्या बेटांत दोन कंपन्यांच्या दोन उभ्या रेषा पडल्या. दादरास त्या अगदीं शेजारी येतात. तेथून उत्तरेस एक वांद्र्याच्या बाजूस जाते, दुसरी कुर्ल्याच्या बाजूस. दोघींचें तोंड देशाकडे, पाठ एकमेकींकडे. साष्टीच्या पोटांतून पूर्वपश्चिम जाणारी, या दोहोंस जोडणारी आडवी रेषा काढण्याचें कारण दोहोंपैकीं एकाही कंपनीस नव्हतें, कारण अंधेरीहून घाटकोपरास कापूस जात नसतो.

शहरवासीयांच्या गाडीचा पहिला ठळक दाखला १२ एप्रिल १८६७ चा. त्या दिवसापासून विरार ते बॅकबे अशी दररोज एक गाडी जाऊं-येऊं लागली. तिच्या स्टेशनांच्या यादींत आजचें गोरेगांव ‘पहाडी’ या नांवानें येतें, आणि वसईच्या दोन खाड्यांमधील पाणजू बेटही येतें. स्थलनामांच्या अभ्यासकांनीं ही यादी अवश्य पहावी. आपल्या प्रश्नापुरतें इतकेंच कीं, शहराची रोजची वाहतूक ही त्या काळीं मालाच्या मार्गावर मिळालेली एक जादा सवलत होती.

(३) बंदराचा मार्ग व विजेची गाडी

तिसरा मार्ग हार्बरचा. कुर्ला ते रे रोड हा भाग १२ डिसेंबर १९१० रोजीं सुरू झाला. नांवावरूनच याचा जन्महेतु समजतो. तो बंदराच्या अंगाअंगानें गेला. पोर्ट ट्रस्टचा स्वतःचा मालवाहू लोहमार्ग १९१५ सालीं सुरू झाला.

मध्यंतरीं शहरावर मोठें संकट येऊन गेलें होतें. १८९६ सालीं ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ आली. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन बेटाच्या उत्तर भागांत दादर, माटुंगा, वडाळा येथें नवीन वसाहतींच्या योजना निघाल्या. १९११ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ९,७९,४४५ भरली. एवढीं माणसें कोटाच्या आसपास कोंदटून राहूं नयेत, हा विचार आतां राज्यकर्त्यांसही पटूं लागला होता.

३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गानें हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ रोजीं पश्चिमेकडील मार्गावर बोरीवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या, व १९३६ सालीं वीज विरारास पोंचली. रोजच्या उतारूचा विचार प्रामुख्यानें करून मुंबईच्या लोहमार्गांवर मोठा खर्च झाला, त्याचा हा पहिला स्पष्ट प्रसंग होय. त्याचें फळही लौकरच दिसलें. पार्लें, अंधेरी, मालाड येथें राहून कोटांत नोकरी करणें मध्यम वर्गास शक्य झालें. साष्टीचीं गांवठाणें उपनगरें होऊं लागलीं. तथापि ही सुधारणा जुन्याच रुळांवरची होती. गाडी बदलली, रेषा तीच राहिली.

(४) बेटाचीं चार दारें

आतां सनावळीचा मुख्य मुद्दा. खाडी ओलांडून बेटांत शिरणारे लोहमार्ग किती व केव्हां झाले, हें एकाखालीं एक मांडून पहावें. पहिलें दार शीवकडील, १८५३. दुसरें माहीमकडील, १८६४. तिसरें कुर्ल्याहून वडाळ्याकडे येणाऱ्या हार्बर मार्गाचें, १९१०. चौथें वांद्रे-कुर्ला संकुलाहून मिठी नदीखालून धारावीस येणाऱ्या भुयारी मेट्रोचें, मे २०२५. चेंबूर-वडाळा ही एकरुळी गाडी २०१४ सालीं झाली खरी, पण तिची वाहकशक्ति इतकी अल्प कीं तिला दार न म्हणतां खिडकी म्हणणें बरें.

पहिल्या दोहोंत अंतर ११ वर्षांचें, दुसऱ्या-तिसऱ्यांत ४६ वर्षांचें, आणि तिसऱ्या-चौथ्यांत ११५ वर्षांचें. या शेवटच्या अवधींत एका बेटाचें शहर साष्टी गिळून बृहन्मुंबई झालें. २०११ च्या खानेसुमारींत बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ भरली. १९११ चा आंकडा केवळ बेटाचा व हा विस्तृत हद्दीचा असल्यामुळें दोहोंची सरळ तुलना करतां येत नाहीं. परंतु आपल्या मुद्द्यास ती हद्दवाढच पोषक आहे. लोक वाढले ते खाडीपलीकडे वाढले, आणि कामास येणें मात्र खाडीअलीकडे राहिलें.

या काळांत कांहींच झालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. जुन्या दारांत रुळांच्या जोड्या वाढल्या, जलद व धीम्या गाड्या वेगळ्या झाल्या, डबे नवाचे बारा व कांहीं गाड्यांस पंधरा झाले. लांबीही वाढली; १६ एप्रिल २०१३ पासून लोकल गाड्या विरारच्या पलीकडे डहाणूपर्यंत जाऊं लागल्या. परंतु ही वाढ कशी आहे, हें पाहिलें पाहिजे. पाट लांबवून नवीं शेतें त्यास जोडीत जावें, आणि मुखाशीं मोरी तेवढीच ठेवावी, त्यांतला हा प्रकार आहे. डहाणूपर्यंतच्या नव्या उतारूंपैकीं ज्यांस कोटांत जावयाचें, ते सर्व माहीमच्याच दारांतून जाणार.

त्याचा परिणाम आंकड्यांत व अपघातांत दोन्हीकडे दिसतो. २०२० पूर्वीं मुंबईच्या लोकल गाड्या दररोज सुमारें ७५ लक्ष उतारू वाहून नेत. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसाहून अधिक माणसें मेलीं. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांच्या दारांतून उतारू खालीं पडले व त्यांतील कित्येक दगावले. अशा वेळीं पुलाची रुंदी, दारांची रचना यांची चौकशी होते, व ती झालीच पाहिजे. पण गर्दीचें मूळ १९१० नंतरच्या ११५ वर्षांच्या रिकाम्या जागेंत आहे, ही गोष्ट चौकशींत सहसा येत नाहीं.

(५) हातचे गेलेले मार्ग

विस्ताराच्या वादांत बंद पडलेल्या मार्गांचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. मुंबईंत असे दोन मार्ग होते.

पहिला कुलाब्याचा. पश्चिमेकडील मार्ग चर्चगेटाच्या दक्षिणेस कुलाब्यापर्यंत जात असे. १९३० अखेर तो बंद करण्यांत आला, व चर्चगेट हें शेवटचें स्टेशन ठरलें. तेव्हांपासून बेटाच्या दक्षिण टोंकास लोहमार्ग नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्यें आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरांचा मेट्रोमार्ग पूर्ण खुला झाला, तेव्हां कुलाब्याच्या शेजारीं पुन्हां गाडी आली. मध्यें ९५ वर्षें गेलीं.

दुसरा साष्टी-तुर्भें मार्ग. हें तुर्भें म्हणजे ट्रॉम्बे. याची आठवण आतां फार थोड्यांस असेल. १९२८ सालीं अंधेरीहून पूर्वेस ट्रॉम्ब्यापर्यंत आगगाडी धावूं लागली. साष्टीच्या पोटांतून जाणारी हीच ती आडवी रेषा, जी दोन्ही जुन्या कंपन्यांनीं काढली नव्हती. त्या काळीं तो प्रदेश शेतांचा व गांवठाणांचा होता. १९३४ सालीं मार्ग बंद झाला. त्यानंतर साष्टीच्या पोटांतून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी गाडी थेट ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली. ती वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो, लांबी ११.४ किलोमीटर. मध्यंतरींच्या ८० वर्षांत अंधेरीच्या माणसास घाटकोपरास जावयाचें तर दादरापर्यंत खालीं उतरून पुन्हां वर चढावें लागे, किंवा रस्त्याची वाट धरावी लागे.

दोन्ही उदाहरणांत आणखी एक गोष्ट दिसते. १९२८ सालीं जी आडवी गाडी जमिनीवरून गेली, तिच्या वारशास २०१४ सालीं खांबांवरून न्यावें लागलें. कुलाब्याची गाडी उघड्यावर धावत होती. तिचा वारस भुयारांतून जातो. एकदां दोन्ही अंगांस घरें उभीं राहिलीं म्हणजे रुळांस जमीन मिळत नाहीं, व मग आकाश किंवा पाताळ हे दोनच मार्ग उरतात. विलंबाची किंमत ती हीच.

(६) आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा कीं, साष्टी-तुर्भें मार्ग वस्तीच्या अगोदर गेला म्हणूनच तो टिकला नाहीं. तेव्हां वस्तीपुढें रूळ टाकणें हा तोट्याचा व्यवहार आहे. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यांतून निघणारा बोध गाडी चालविण्यापुरता आहे, जमिनीपुरता नाहीं. सहा वर्षांत उतारू न मिळाल्यास गाडी थांबविणें समजूं शकतें. पण मार्गाची पट्टी मोकळी राखून ठेवण्यास उतारू लागत नाहींत. ती राखली असती तर पुढील पिढ्यांच्या कामीं आली असती.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचें उत्तर नव्या मुंबईच्या इतिहासांत सांपडतें. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली. ठाण्याच्या खाडीवरील रस्त्याचा पूल १९७३ सालीं झाला. मानखुर्द-वाशी लोहमार्ग मात्र मे १९९२ मध्यें आला. जुळें शहर वसविण्याचा संकल्प व त्याचा लोहमार्ग यांत २२ वर्षांचें अंतर पडलें, आणि शहर भरण्यास विलंब लागण्याचें हें एक मोठें कारण म्हणावें लागतें. तथापि तेथील खर्चाची वांटणी फार उद्बोधक आहे. तेथील लोहमार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोनें व ३३ टक्के रेल्वेनें उचलण्याचें ठरलें. रूळ आल्यानें ज्या जमिनीचें मोल वाढतें, त्या जमिनीच्या धन्यानें रुळांचा भार उचलावा, हें तत्त्व त्यांत मान्य झालें आहे. पनवेलीस लोकल १९९८ सालीं पोंचली, व उरणास जानेवारी २०२४ मध्यें. तत्त्व चांगलें असून अंमल किती मंद असूं शकतो, याचाही हा दाखलाच आहे.

तिसरा आक्षेप असा कीं, रुळांऐवजीं रस्ते रुंद करावे. मुंबईनें हा प्रयोग करून पाहिला आहे. १८७४ सालीं घोड्यांची ट्राम आली, १९०७ सालीं विजेची. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम धावून ती बंद झाली. ट्रामच्या रुळांची जागा मोटारींस मिळाली. त्यानें रस्ते मोकळे झाले, असें आज कोणी म्हणणार नाहीं. गर्दीच्या वेळीं बारा डब्यांच्या एका गाडींत चार-पांच हजार माणसें जातात. तेवढ्यांस बसगाड्यांनीं न्यावयाचें म्हटल्यास साठ-सत्तर गाड्या भरून न्याव्या लागतील. चिंचोळ्या बेटास ही रुंदी कोठून मिळणार?

(७) निष्कर्ष

वरील विवेचनावरून विस्ताराची दिशा ठरवितां येते. उभ्या रेषा दूरवर लांबविणें हें काम थोडें कमी निकडीचें आहे. खाडीवर नवीं दारें करणें, व साष्टींत आणि खाडीपलीकडे आडव्या रेषा काढणें, हें अधिक निकडीचें आहे. ज्या भागांत अजून वस्ती विरळ आहे तेथें रुळांची पट्टी आजच मोकळी राखली पाहिजे, मग गाडी दहा वर्षांनीं धावो. आणि एकदां हातीं असलेली पट्टी कोणत्याही सबबीवर सोडूं नये. पोर्ट ट्रस्टच्या मालवाहू रुळांचें काम आतां संपल्यासारखें आहे. त्या जमिनीचा निवाडा करणारांनीं कुलाबा व तुर्भें यांचीं उदाहरणें डोळ्यांपुढें ठेवावीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. पेशवेकालीन कागदांचा जसा शोध होतो, तसा गेल्या दीड शतकांतील या कागदांचा होत नाहीं. साष्टीच्या खोती गांवांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत लोहमार्गासाठीं घेतलेल्या जमिनींच्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, हद्दीचे नकाशे असण्याचा संभव आहे. जुन्या पेढ्यांत कंपन्यांचीं वेळापत्रकें व भाग असतील. साष्टी-तुर्भें मार्गाची पट्टी कोणत्या शेतांतून गेली, व बंद झाल्यावर ती कोणाच्या ताब्यांत गेली, हें असल्या कागदांवरूनच शेत-शेत लावून सांगतां येईल. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां त्यांची नक्कल तरी मंडळाकडे पाठवावी. पुढील मार्ग आंखणारांस त्यांचा उपयोग होईल.